मेदाँचे घर

पॅरिसच्या पश्चिमेस सेन नदीच्या काठी मेदाँ नावाचे एक लहानसे खेडे आहे. कादंबरीकार एमिल झोला यांनी १८७८ साली तेथे नऊ हजार फ्रँकांना एक साधे घर विकत घेतले. दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या कष्टकऱ्यांवरील त्यांची 'लासोम्वार' ही कादंबरी नुकतीच तडाख्याने खपली होती. त्या पैशातून हे घर आले. पुढे पुस्तके खपत गेली तसतसे घरही वाढत गेले. त्याच्या दोन बाजूंना दोन मनोरे उभे राहिले आणि त्यांना 'नाना' व 'जेर्मिनाल' ही कादंबऱ्यांचीच नावे मिळाली. एकीची नायिका वेश्या, तर दुसरीचा विषय खाणकामगारांचा संप. गरिबांच्या दुःखावर श्रीमंतांचा वाडा चढला, असे कोणी उपहासाने म्हणेल. आम्हांस तो आक्षेप पटत नाही. लेखणीच्या कमाईतून घर बांधता येते, याचा आमच्या व्यवसायातील माणसाला झाला तर थोडा हेवाच होईल!

आज हे घर ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित आहे. तथापि मनोरे आणि रंगीत काचा यांसाठीच ते जपले असते, तर त्याविषयी अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते.

या घराचा मालक गप्प बसता, तर त्याचे काहीच बिघडले नसते. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला १८९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून दोषी ठरवून दूरच्या बेटावर डांबण्यात आले होते. खरा अपराधी दुसराच असल्याचे दिसू लागले, तरी लष्कर आपला शब्द मागे घेईना. १३ जानेवारी १८९८ रोजी 'लोरोर' या दैनिकाच्या पहिल्या पानावर झोलांचे राष्ट्राध्यक्षांना लिहिलेले अनावृत पत्र झळकले. 'मी आरोप करतो' हा त्याचा मथळा. त्याबद्दल त्यांना एक वर्षाची कैद व तीन हजार फ्रँक दंड ठोठावण्यात आला. जुलैत त्यांना इंग्लंड गाठावे लागले. मेदाँचा सुखवस्तू गृहस्थ सुमारे अकरा महिने परमुलखात राहिला. १९०२ साली पॅरिसमधील घरी विषारी धुराने त्यांचा अंत झाला. ड्रेफस निर्दोष ठरले ते १९०६ साली. तो दिवस पाहणे झोलांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या पत्नीने १९०५ साली मेदाँचे घर सार्वजनिक आरोग्यसेवेला दान केले, आणि पुढे आजारी मुले तेथे राहू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये, घराच्या दुरुस्तीनंतर, त्याच आवारात ड्रेफस प्रकरणाचे संग्रहालय उघडले. आम्हांस मोल वाटते ते या शेजाराचे. साहित्यिकाची दौत आणि पलंग कोणतेही सरकार आनंदाने जपते. त्याचे सरकारशी झालेले भांडण मात्र सोयीस्करपणे वगळले जाते. मेदाँला तसे घडले नाही. ज्या प्रजासत्ताकाच्या न्यायालयाने झोलांना शिक्षा दिली, त्याच प्रजासत्ताकाचे अध्यक्ष उद्घाटनास आले होते.

जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ड्रेफस यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल करण्याचे विधेयक एकमताने संमत केले, आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. ड्रेफस यांना जाऊन तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.