कात्री आपली, नाव कोणाचे?

ट्युनिसचे अझेदिन अलाया २०१७ साली पॅरिसमध्ये वारले. गहू पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा शिल्पकला शिकला, पॅरिसला गेला आणि कित्येक वर्षे एकेका गिऱ्हाइकाचे कपडे शिवत राहिला. स्वतःच्या नावाचा तयार माल काढला तो १९८० च्या सुमारास. जगभर नाव झाल्यावरही कापड ते स्वतःच बेतत, रात्री उशिरापर्यंत. जेवण स्वयंपाकघरात, कारागिरांच्या पंक्तीला. शौक म्हणाल तर जुन्या उस्तादांचे कपडे जमवण्याचा. स्वतःचे कामही जपून ठेवीत. फॅशनच्या हंगामी तारखा त्यांनी जुमानल्या नाहीत; माल मनासारखा झाला की दाखवायचा!

तारीख मोडण्याची ऐपत आमच्या जॉबवर्कवाल्यांना नाही, हे आम्ही जाणतो. अलायांनाही २००० साली प्राडाचे भांडवल घ्यावे लागले; २००७ मध्ये त्यांनी ते सोडवले. पण आमचा कटिंग मास्टर ईदच्या तोंडावर रात्र जागून नवा पॅटर्न काढतो, तो व्यापारी घेऊन जातो, लेबलही त्याचेच लागते. मास्टरच्या हाती उरते नगामागची मजुरी. भाईंनो, पॅटर्नची एक प्रत दुकानात ठेवा आणि त्याचे पैसे बिलात वेगळे लावा.