पॉइंट नकोत, मुदत हवी

दादरच्या रानडे रोडवरच्या दुकानांत, परळच्या गाळ्यांत, गिरगावातल्या छोट्या ऑफिसांत हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो. टॅक्स तर भरायचाच आहे, मग तो खात्यातून कशाला भरता? क्रेडिट कार्डाने भरा. दीड महिना पैसा हातात राहील, वर पॉइंट मिळतील आणि वर्षाअखेर विमानाचं तिकीट जवळजवळ फुकटात पडेल. आयकराच्या ई-पे टॅक्सवर पेमेंट गेटवेतून कार्ड चालत होतंच. जानेवारी २०२४ मध्ये जीएसटीच्या पोर्टलवरही, आधी निवडक राज्यांत, कार्ड आणि यूपीआयची सोय झाली. सोयीच्या पाठोपाठ हा सल्ला आला आणि आता तो व्यवहारचातुर्य म्हणून मिरवतो आहे.

छोट्या धंद्याला हा सल्ला घातक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो खोडायचा तर त्याची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण त्यात काहीच तथ्य नाही असं नाही.

एक लाखाचा जीएसटी धरू. कार्डाने भरताना गेटवे शुल्क घेतो. ते बँकेप्रमाणे आणि कार्डाप्रमाणे कमीजास्त असतं. हिशेबाला एक टक्का घेऊ, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये. नेट बँकिंगने किंवा यूपीआयने भरलं तर हा खर्च शून्य. आता जमेची बाजू. दर १५० रुपयांना दोन पॉइंट आणि पॉइंटला पंचवीस पैसे, हा बऱ्यापैकी उदार हिशेब झाला. त्याने हातात येतात ३३३ रुपये. म्हणजे केवळ पॉइंटसाठी कार्ड वापरणारा माणूस लाखामागे ८४७ रुपये खिशातून घालतो. शिवाय अनेक बँकांनी सरकारी भरण्यावर आणि करावर पॉइंट देणं बंद केलं आहे, काही बिझनेस कार्डांवर ते मिळतात पण महिन्याची कमाल मर्यादा असते. हे बारीक अक्षरातलं न वाचता कार्ड सरकवणारे मी बरेच पाहिले आहेत.

यावर जाणकार म्हणतात, पॉइंट सोडा, खरा फायदा बिनव्याजी मुदतीचा. हा मुद्दा वजनदार आहे. ज्याची बँकेतली सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, ११ टक्क्यांनी उचललेली आहे, त्याने लाख रुपये ४८ दिवस उशिरा काढले तर व्याजाचे १,४४७ रुपये वाचतात. त्यात पॉइंटचे ३३३ मिळवा, शुल्काचे १,१८० वजा करा, ६०० रुपये नफा उरतो. मान्य. पण ४८ दिवस मिळायला कार्डाचं स्टेटमेंट १८ तारखेला निघावं लागतं, कारण जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची, थ्रीबीची, शेवटची तारीख २० असते. तेच स्टेटमेंट २५ तारखेला निघत असेल तर मुदत २५ दिवसांवर येते आणि सहाशेचा नफा ९४ रुपयांच्या तोट्यात जातो. आणि ज्याची सीसी उचललेलीच नाही, पैसा करंट खात्यात पडून आहे, त्याला मुदतीचा फायदा काहीच नाही. करंट खात्यावर व्याज मिळत नाही.

तरीही ६०० रुपये ते ६०० रुपये, असं कुणी म्हणेल. म्हणून पुढचा आकडा नीट बघा. एखाद्या महिन्यात पार्टीचं पेमेंट अडकलं आणि कार्डाचं पूर्ण बिल न भरता ‘मिनिमम ड्यू’ भरून वेळ मारून नेली, तर बिनव्याजी मुदत पार रद्द होते आणि व्याज कर भरल्या दिवसापासून लागतं. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ४८ दिवसांचं व्याज ५,५२३ रुपये, त्यावर जीएसटी ९९४, एकूण ६,५१७. अकरा महिने शिस्तीने मिळवलेलं एका महिन्यात जातं. वर त्या कार्डावरच्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज.

हा ४२ टक्क्यांचा दर कुठे बसतो ते पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. जीएसटी उशिरा भरला तर सरकार घेतं ते व्याजही १८ टक्केच. उशीर करा असं मी मुळीच म्हणत नाही. त्यात दिवसाला ५० रुपये लेट फी असते आणि थ्रीबी थकली की पुढचा जीएसटीआर-१ अडतो. पण ज्या दंडाच्या भीतीने माणूस कार्ड काढतो, त्याच्या दुपटीहून जास्त दराच्या कर्जात तो उतरतो, ही वस्तुस्थिती आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. ज्या गिरणगावाने पठाणी व्याज भोगलं, तिथल्या नातवंडांनी हा आकडा डोळ्यांआड करू नये.

आणखी एक गोष्ट, जी सल्ला देणारा कधी सांगत नाही. लालबाग-परळमधले बहुतेक धंदे दोघा भावांचे, काका-पुतण्यांचे. भागीदारीचा कर एका भावाच्या कार्डावर भरला की शुल्क फर्मच्या खर्चात पडतं आणि पॉइंट त्या भावाच्या खात्यात जमा होतात. वर्षाने त्या पॉइंटवर एकाचं कुटुंब फिरायला जातं आणि दुसऱ्याच्या घरात त्याची चर्चा सुरू होते. वहीत त्या कार्डाच्या भरण्याची नोंद भांडवल म्हणून करायची की उसनवारी म्हणून, यावर मार्चअखेर सीएपुढे वाद. शिवाय एका व्यक्तीने वर्षात कार्डाची दहा लाखांहून जास्त बिलं चुकती केली की त्याची माहिती बँक आयकर खात्याला देते. त्यात बेकायदा काही नाही, पण फर्मच्या कराचे बारा लाख व्यक्तिगत पॅनवर दिसू लागले की खुलासे करत बसावं लागतं.

आता गाभ्याकडे येतो. मुदत कुणाला हवी आहे?

रानडे रोडवरच्या साडीच्या दुकानाला नको आहे. गिऱ्हाईक गल्ल्यावर पैसे मोजतं, त्यात जीएसटी आलेला असतो. एक तारखेला विकलेल्या साडीचा कर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचा. सरकारने या दुकानदाराला वीस ते पन्नास दिवस आधीच बिनव्याजी दिलेले आहेत. त्यावर कार्डाचे आणखी ४८ दिवस लागत असतील तर गिऱ्हाइकाने सरकारसाठी दिलेला पैसा मालात अडकला, असाच त्याचा अर्थ. लालबागच्या मिरची गल्लीत हे दर वर्षी घडतं. मार्चमध्ये बेडगी, संकेश्वरी, काश्मिरीची पोती उतरतात, घराघरांतून मसाल्याच्या याद्या येऊ लागतात आणि हाती असलेला सगळा पैसा मिरचीत जातो. नेमकी तेव्हाच १५ मार्चला आगाऊ आयकराची शेवटची तारीख येते. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेतल्या छोट्या दुकानदाराला तर वर्षाचा सगळा आगाऊ कर त्या एकाच दिवशी भरायचा असतो. ही तारीख वर्षभर आधी माहीत असते. यावर उपाय जुना आणि साधा आहे: कराचं वेगळं खातं. रोजचा गल्ला भरताना त्यातली कराची रक्कम त्या खात्यात टाकायची आणि ते खातं मिरचीसाठी उघडायचं नाही. वीस तारखेला तिथून यूपीआयने भरलं तर शुल्क नाही. सप्टेंबर २०२४ पासून कर भरण्यासाठी यूपीआयची मर्यादा एका व्यवहाराला पाच लाखांची झाली आहे, बहुतेक छोट्या धंद्यांना ती पुरते.

पण गिरगावातल्या डिझाइन-जाहिरातीच्या छोट्या ऑफिसची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून कळवळा आहे. दोन लाखांचं काम केलं, बिल फाडलं, त्यावर १८ टक्क्यांनी ३६,००० जीएसटी लावला. मोठी कंपनी पैसे देणार नव्वद दिवसांनी. पण बिल फाडलं त्या महिन्याचा कर पुढच्या वीस तारखेला. एकोणीस तारखेच्या रात्री ऑफिस चालवणारी बाई चलन तयार करते, चौदा आकडी चलन क्रमांक, सीपीआयएन, येतो. खात्यात एकवीस हजार, त्यात दोन मुलांचे पगार आणि जागेचं भाडं द्यायचं. तेवढ्यात पर्यायांच्या यादीत ‘क्रेडिट कार्ड’ दिसतं. ती पॉइंटचा विचारही करत नाही. ओटीपी टाकते आणि हाती न आलेल्या पैशावरचा कर उसन्या पैशाने भरून झोपते. तिला चुकीचं ठरवायला माझी जीभ रेटत नाही. महिनाअखेरच्या बिलाचे नव्वद दिवस आणि वीस तारखेपासूनचे कार्डाचे ४८ दिवस यांच्यात बावीस दिवसांची दरी राहते आणि त्या दरीत ४२ टक्के व्याज उभं आहे, एवढंच तिला सांगावंसं वाटतं.

तिच्यासाठी कार्डाहून बरे मार्ग आहेत. उद्यम नोंदणी केली तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिपटीने चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकरातल्या तरतुदीने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत न देणाऱ्या कंपनीला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मार्च जवळ आला की कंपनीच्या अकाउंट्सला या तरतुदीची आठवण करून देणारं पत्र पाठवा. त्यालाही दाद मिळाली नाही तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. पार्टी तुटेल या भीतीने बहुतेकजण तक्रार करत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून तातडीच्या दरीसाठी बँकेची किंवा पतपेढीची छोटी ओव्हरड्राफ्ट मर्यादा आधीच मंजूर करून ठेवावी. गरजेच्या दिवशी मागायला गेलं की कुणी देत नाही.

आणि मूळ उपाय सरकारच्या हातात आहे. तो नवा नाही. सेवाकर असताना, एप्रिल २०१२ पासून, पन्नास लाखांपर्यंत सेवा देणाऱ्या व्यक्तींना आणि भागीदारी फर्मना पैसे हातात आल्यावर कर भरायची मुभा होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती गेली. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंत उलाढाल असलेल्या धंद्याला व्हॅट असा वसुलीनंतर भरता येतो. याउलट त्याच ब्रिटनच्या करखात्याने व्यक्तिगत क्रेडिट कार्डावर कर घेणं जानेवारी २०१८ मध्येच थांबवलं. पैसे आल्यावर कर घ्या पण उसन्या कार्डावर घेऊ नका, हे दोन निर्णय एकाच दिशेचे आहेत. आपल्याकडे नेमकं उलटं झालं: वसुलीनंतरची मुभा काढली आणि कार्डाचं दार उघडलं.

यावर कुणी म्हणेल, वसुलीवर कर घेतला तर लोक वसुली लपवतील. पण बिल पोर्टलवर आधीच चढलेलं असतं, खरेदीदाराला ते दिसतं, त्याला कराचं क्रेडिटही पैसे दिल्यावरच द्यावं. लपवायला जागा उरत नाही. २०१३ मध्ये एलबीटीविरुद्ध, म्हणजे स्थानिक संस्था कराविरुद्ध, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली होती, तेव्हा संघटनांत केवढी ताकद होती ते या शहराने पाहिलं. दादर, गिरगाव, लालबागच्या व्यापारी आणि व्यावसायिक संघटनांनी कार्डाच्या ऑफरची पत्रकं सभासदांना वाटण्यापेक्षा एक निवेदन तयार करावं: पन्नास लाखांपर्यंतच्या सेवाव्यवसायाला जीएसटी वसुलीनंतर भरायची मुभा पुन्हा द्या. ते माझगावच्या जीएसटी भवनात द्यावं आणि जीएसटी परिषदेत बसणाऱ्या महाराष्ट्राच्या मंत्र्यांपर्यंत पोचवावं. तुमचा असा धंदा असेल तर तुमच्या संघटनेच्या पुढच्या सभेत हा ठराव तुम्हीच मांडा.