जिंकता येत नाही, म्हणून जुगार नाही?

११ जून २०२४ पासून ऑस्ट्रेलियात ऑनलाइन पैज लावायला क्रेडिट कार्ड चालत नाही. क्रिप्टोही चालत नाही. घोड्यावर, फुटबॉलवर, क्रिकेटवर पैजा घेणाऱ्या परवानाधारक अ‍ॅपमध्ये पैसे भरायचे तर ते आधीपासून तुमच्या खात्यात असलेलेच हवेत. मोबाइलच्या वॉलेटला क्रेडिट कार्ड जोडून मागच्या दाराने शिरायची सोयही कायद्याने ठेवलेली नाही. २०२४ मध्ये नियम लागू झाला तेव्हा तो मोडणाऱ्या कंपनीला २ लाख ३४ हजार ७५० डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. उधारीवर जुगार खेळू नका, इतके साधे त्याचे म्हणणे आहे आणि ते कुणालाही पटेल.

आता त्याच देशात, त्याच मोबाइलवर 'कॅसिनो' नावाचे दुसरे एखादे अ‍ॅप उघडा. चकाकणारे चक्र, घंटांचा आवाज, सुरुवातीला काही लाख नाणी फुकट. ती संपली की नाण्यांची थैली विकत मिळते आणि ती याच क्रेडिट कार्डाने घेता येते. त्याला कायद्याची हरकत नाही. कारण या नाण्यांचे परत डॉलर होत नाहीत. खेळणाऱ्याला जिंकून काही मिळत नाही, म्हणून कायद्याच्या लेखी तो जुगारच नव्हे.

मला हा न्याय उफराटा वाटतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या अ‍ॅपमध्ये निदान कधीतरी चार पैसे हाती येऊ शकतात तिथे उधारीला बंदी. आणि जिथे गेलेला एक पैसाही परत येणार नाही याची हमी आहे, तिथे खुशाल कार्ड चालवा!

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाला ऑस्ट्रेलियाच्या कायद्याशी काय देणेघेणे, असे कुणी विचारेल. माझा एक माजी विद्यार्थी मेलबर्नला पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. दिवसा कॉलेज, रात्री गोदामात काम. त्याने फोनवर विचारले, "सर, फुकट मिळालेल्या नाण्यांनी खेळलं तर ते जुगारात धरायचं का? आणि हे ॲप तर सगळ्यांना मिळतं, म्हणजे सरकारची परवानगी असणारच ना?" बोलता बोलता कळले की मधल्या काळात त्याने दोनदा नाणी विकतही घेतली होती. फतवा देणे माझे काम नाही, मी व्याकरण शिकवतो. पण त्याचा दुसरा प्रश्न वाचून-तपासून उत्तर देता येण्यासारखा होता.

तिथे पबमध्ये, क्लबमध्ये जुगाराची यंत्रे असतात, त्यांना 'पोकीज' म्हणतात. मेलबर्नमध्ये नदीकाठी क्राउनचा भलामोठा कॅसिनो उभा आहे. माणशी जुगारात पैसे घालवण्यात हा देश जगात पहिल्या क्रमांकावर गणला जातो. वर्षाला २५ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम त्यात जाते. हे सगळे उघड्या डोळ्यांनी दिसत असल्यावर कॅसिनोचे अ‍ॅपही कायदेशीर असणार असे नव्या माणसाला वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात २००१ च्या इंटरअ‍ॅक्टिव्ह गॅम्बलिंग अ‍ॅक्टनुसार तिथल्या लोकांना खऱ्या पैशांचा ऑनलाइन कॅसिनो पुरवणे हाच गुन्हा आहे. गुन्हा पुरवणाऱ्याचा, खेळणाऱ्याचा नव्हे. खेळ आणि शर्यतींवरच्या पैजा आणि लॉटरी यांना मात्र परवान्याने मुभा आहे. म्हणजे खऱ्या पैशांचा कॅसिनो मोबाइलवर दिसला की तो बहुतेक करून देशाबाहेरून, बेकायदा चाललेला असतो. अ‍ॅकमा ही तिथली संचार नियामक संस्था नोव्हेंबर २०१९ पासून अशा वेबसाइट बंद पाडायला लावते. हजाराच्या वर बंद झाल्या, नव्या नावाने पुन्हा उगवल्या.

या परदेशी दुकानांत पैसे आत जाणे फार सोपे असते. आपल्याकडे जसे यूपीआय, तसे तिथे 'पेआयडी' आहे: मोबाइल नंबर किंवा ईमेल टाकला की बँकेतून बँकेत रक्कम पोचते. पैसे बाहेर काढायची वेळ आली की कागदपत्रे, अटी, वाट पाहणे. आणि त्यांनी दिलेच नाहीत तर दाद कुणाकडे मागणार? ज्याला तिथे परवानाच नाही त्याच्याविरुद्ध ग्राहकाला नियामकाचे संरक्षण नाही.

बक्षिसांची गोष्ट याहून मजेदार आहे. 'बोनस' हा शब्द आपण दिवाळी-ईदला पगाराबरोबर मिळणाऱ्या रकमेसाठी वापरतो, म्हणून त्याचा वास चांगला येतो. जुगाराच्या अ‍ॅपमधला बोनस ही वेगळी चीज आहे. समजा, १०० डॉलर बोनस मिळाला आणि अट अशी की त्यातून झालेली कमाई काढण्याआधी बोनसच्या चाळीस पट उलाढाल करायची. म्हणजे ४००० डॉलरच्या पैजा लावायच्या. यंत्र सरासरीने प्रत्येक १०० मागे ४ डॉलर स्वतःकडे ठेवते असे धरा. ४००० वर झाले १६०. शंभराची भेट स्वीकारायला सरासरीने एकशेसाठ मोजावे लागले. सहावीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण द्यावे की काय असे मला कधी कधी वाटते, पण पालक काय म्हणतील या धास्तीने देत नाही.

या जागी ऑस्ट्रेलियाने चांगले काम केले आहे आणि ते मान्य करायला हवे. २०१८ साली केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून ऑनलाइन पैजांसाठी ग्राहक संरक्षणाची दहा कलमी चौकट स्वीकारली. तिच्यानुसार खाते उघडण्यासाठी किंवा मित्राला ओढून आणण्यासाठी बक्षीस देता येत नाही. बोनसच्या पैजेतून जिंकलेले पैसे उलाढालीची अट न घालता काढू द्यावे लागतात. महिन्याला किती लावले, किती गेले याचा हिशेब ग्राहकाला पाठवावा लागतो. 'जबाबदारीने खेळा' ही गुळमुळीत सूचना काढून २०२३ मध्ये तिच्या जागी, तुम्ही हरण्याचीच शक्यता जास्त आहे, अशा अर्थाची सडेतोड वाक्ये आली. ऑगस्ट २०२३ मध्ये 'बेटस्टॉप' नावाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिच्यात नाव घातले की तीन महिन्यांपासून आयुष्यभरापर्यंत, आपण निवडू तितका काळ, कोणतीही परवानाधारक ऑनलाइन कंपनी आपले खाते उघडू शकत नाही, पैज घेऊ शकत नाही, जाहिरातीचा संदेशही पाठवू शकत नाही.

कंपन्या सुधारल्या असे मात्र समजू नका. २०२५ मध्ये टॅबकॉर्प या मोठ्या कंपनीला अ‍ॅकमाने सुमारे ४० लाख डॉलरचा दंड केला, तो तिच्या 'व्हीआयपी' ग्राहकांना स्पॅमचे नियम मोडून संदेश पाठवल्याबद्दल. व्हीआयपी म्हणजे कोण, हे लक्षात घ्या. ज्याच्याकडून दुकानाला सगळ्यात जास्त मिळते तो. पेटा मर्फी या खासदार बाईंच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने जून २०२३ मध्ये ३१ शिफारशी केल्या. अशी सगळी आमिषे बंद करा आणि ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण थांबवा, हे त्यात होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मर्फी बाई कर्करोगाने गेल्या. अहवालाला दोन वर्षे उलटून गेल्यावरही संपूर्ण जाहिरातबंदी आलेली नव्हती.

तरीही एक गोष्ट तिथल्या कायद्याला बरोबर कळली आहे: जुगाराची मान पकडायची असेल तर पत्त्यांपेक्षा गल्ल्याकडे बघावे लागते. पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या नावाने येतो, हे महत्त्वाचे. क्राउन मेलबर्नचेच पाहा. २०१२ ते २०१६ या काळात तिथे चिनी युनियनपे कार्डावर पैसे घेऊन ते जुगाराला दिले जात आणि पावतीवर मात्र हॉटेलची सेवा दाखवली जाई. अशी सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलरची रक्कम फिरली. २०२२ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या नियामकाने त्यासाठी ८ कोटी डॉलर दंड ठोठावला. खोटे नाव दिले की पैसा कुठूनही सुटतो.

आणि म्हणूनच नाण्यांच्या अ‍ॅपबद्दल मला चीड येते. तिथेही पैसा दुसऱ्याच नावाने जातो, फक्त यात खोटे काही नाही, सगळे कायदेशीर. तिथल्या अनेक बँकांनी आपल्या अ‍ॅपमध्ये जुगाराचे व्यवहार अडवायचे बटण दिले आहे. स्वतःवर ताबा राहत नाही असे वाटणाऱ्याने ते दाबायचे. पण नाण्यांची थैली घेतली की बँकेला दिसते अ‍ॅप स्टोअरची खरेदी. बटण दाबलेले असले तरी व्यवहार होतो. बेटस्टॉपमध्ये नाव असले तरी होतो. महिन्याचा हिशेब पाठवायचे बंधनही या कंपन्यांवर नाही. जुगार सोडण्यासाठी धडपडणारा माणूस सगळी दारे स्वतःच्या हाताने बंद करतो आणि ही एक खिडकी त्याच घंटांच्या आवाजात उघडी राहते.

'बिग फिश कॅसिनो' हे असेच नाण्यांचे अ‍ॅप. त्यावरून अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका खेळणाऱ्या बाईंनी दावा केला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की या नाण्यांमुळे पुढे खेळायला मिळते, म्हणून त्या राज्याच्या कायद्यानुसार त्यांना मोल आहे. पुढे २०२० मध्ये १५ कोटी ५० लाख अमेरिकी डॉलरवर तडजोड झाली. त्यातला ३ कोटी १० लाखांचा वाटा अ‍ॅरिस्टोक्रॅट या कंपनीने उचलला, कारण बिग फिश तोवर तिच्या मालकीची झाली होती. ही अ‍ॅरिस्टोक्रॅट मूळची ऑस्ट्रेलियाची, पोकीज बनवणारी. म्हणजे ऑस्ट्रेलियन कंपनीला परदेशात ज्या प्रकारच्या नाण्यांसाठी पैसे मोजावे लागले, त्यांना तिच्या स्वतःच्या देशात अजून मोल नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मग मुलांच्या सगळ्याच खेळांतली नाणी जुगार म्हणणार का? गोळ्या फोडायच्या खेळातही लोक पैसे घालवतात. आक्षेप अगदीच फोल नाही. पण रेषा कुठे आखायची हे ऑस्ट्रेलियाने स्वतःच ठरवून ठेवले आहे. २२ सप्टेंबर २०२४ नंतर वर्गीकरण होणाऱ्या खेळात जुगाराची नक्कल असेल तर त्याला 'आर १८ प्लस', म्हणजे फक्त प्रौढांसाठी असा शिक्का मिळतो. कोणता खेळ कॅसिनोसारखा आहे हे वय ठरवण्यासाठी ओळखता येते, तर क्रेडिट कार्ड अडवण्यासाठी का ओळखता येऊ नये? बंदी घाला असे मी म्हणत नाही. उधारीबंदी, महिन्याचा हिशेब आणि बेटस्टॉप, हे तीन नियम या अ‍ॅपनाही लावा, इतकेच. प्रौढ माणसाने करमणुकीवर पैसे खर्च करू नयेत असे कोण म्हणतो? सिनेमाला जाणाऱ्याला तिकिटाची किंमत आधी कळते. या अ‍ॅपमध्ये करमणुकीचा दर कुठेच लिहिलेला नसतो.

आपल्या बाजूलाही थोडे बघू. उर्दूत जुगाराला क़िमार म्हणतात. कुरआनचा शब्द आहे मैसिर. अनेक भाष्यकार तो 'युस्र' म्हणजे सहजता, याच्याशी जोडतात. कष्टाविना सहज मिळणारे ते मैसिर. फ़िक़्हमध्ये क़िमारची व्याख्या करतानाही लाभ आणि हानी अशा दोन्ही बाजूंचा विचार होतो, त्यामुळे पळवाट शोधणारा इथेही म्हणेल की लाभच नाही तर क़िमार कसला. माझ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न नेमका याच फटीतला होता. पण त्या फटीतून निघालेला माणूस इस्राफच्या, उधळपट्टीच्या खड्ड्यात पडतो, आणि त्याबद्दल आलिमांत काही दुमत नाही. सूरह बक़राच्या २१९ व्या आयतीत तर जुगारात लोकांचा काही फायदा असतो हे मान्य करूनच निकाल दिलेला आहे. जिथे तो फायदाही नाही, त्या नाण्यांच्या अ‍ॅपची वकिली कशाच्या आधारावर करायची?

भारतातही ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. खेळ पुरवणारा, जाहिरात करणारा आणि पैसे पोचवणारी बँक किंवा पेमेंट कंपनी, हे तिघे त्याच्या कक्षेत येतात. खेळणाऱ्याला तिथल्यासारखेच शिक्षेबाहेर ठेवले आहे. उधारीची बंदी विचारायलाच नको, कारण खेळच बंद. पण पैसे भरून पैसे जिंकण्याची अपेक्षा हीच या कायद्यातलीही खूण आहे. तीन पत्तीची कितीतरी अ‍ॅप चिप्स विकतात आणि परत काही देत नाहीत. मालेगावपासून मिरजेपर्यंत कुणाच्याही मोबाइलवर ती सापडतील. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तो खर्च गूगल प्लेच्या नावाने पडतो. चिप्स घेतल्या, गाण्यांची वर्गणी भरली की मुलीच्या अभ्यासाचे अ‍ॅप घेतले, हे त्या ओळीवरून घरात कुणालाच कळत नाही.