अडकित्ता जवळून बघू द्या

शाळेची सहल संग्रहालयात शिरली, की काचेच्या कपाटातला अडकित्ता रांगेतल्या पहिल्या चौघांनाच काय तो नीट दिसतो. मागची पोरे टाचा उंचावतात, काचेला नाक लावतात, तोवर बाई ‘चला, पुढे चला’ म्हणतात. बरे, मांडलेले असते तेही थोडेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घ्या. काकासाहेब केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या २०,००० हून अधिक वस्तूंपैकी दालनांत मांडलेल्या आहेत सुमारे २,५००.

ऑनलाइन प्रदर्शन हा यावरचा सरळ उपाय. पण ‘डिजिटल संग्रहालय’ म्हटले, की आपल्याकडे आधी आठवते ती ३६० अंशांची आभासी फेरी. फरशीवरचे बाण दाबत पुढे सरकायचे. दालन दिसते, छतावरचे दिवे दिसतात. अडकित्ता मात्र तिथेही काचेआड, वर प्रकाशाचा चट्टा. रांगेत शेवटी उभे राहण्याची गैरसोय तेवढी घरपोच मिळते.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने वेगळा रस्ता धरला. व्हर्मीरच्या ‘दूधवाली’ या चित्राच्या पिवळट पडलेल्या नकला इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या, की संग्रहालयाच्या दुकानातले अस्सल रंगांचे पोस्टकार्डच लोकांना खोटे वाटू लागले. अशा नकलांवर उतारा एकच: चांगले छायाचित्र स्वतःच खुले करणे. २०१२ मध्ये संग्रहालयाने सव्वा लाख कलाकृतींची उत्तम छायाचित्रे मोफत उतरवून घ्यायला दिली. २०२२ मध्ये रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’चे ८,४३९ छायाचित्रे जोडून केलेले ७१७ गिगापिक्सेलचे चित्र आले. त्यात रंगाच्या थराला गेलेले बारीक तडेही मोजता येतात. प्रत्यक्ष दालनात पहारेकरी कुणाला इतके जवळ जाऊ देणार? फुकट दिले तर तिकीट कोण काढेल, ही भीतीही फोल ठरली. २०१३ मध्ये नूतनीकरणानंतर दारे उघडली आणि तिथे गर्दी लोटली.

छायाचित्राइतकीच नोंदही महत्त्वाची. २०२४ मध्ये साताऱ्यात आलेल्या वाघनखांची नोंद लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. ही वाघनखे ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या घराण्याकडून कशी आली हे तिथे आहे, आणि शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा झालेली नाही, हेही आहे. माहिती आणि शंका दोन्ही वाचकासमोर ठेवणारी अशी नोंद आपल्याकडच्या किती वस्तूंना आहे?

तंत्रज्ञानाची सबब सांगायला जागा नाही. केंद्र सरकारच्या ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ पोर्टलमागची ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्याच सी-डॅकने घडवली आहे. खरी मेहनत आहे ती नोंदी लिहिण्याची, आणि त्या मराठीत हव्यात. ‘नटक्रॅकर’ म्हणून चढवलेला अडकित्ता मराठीत शोधणाऱ्याला सापडायचा कसा? वज्री म्हणजे काय, हे घरातली आजी एका वाक्यात सांगेल. ‘फूट स्क्रबर’ वाचून तिलाही कळणार नाही.

सुरुवातीला शंभर वस्तू पुरेत. प्रत्येकीची चार छायाचित्रे: समोरून, मागून, अडकित्ता मिटलेला आणि उघडा. धातू, वजन, कुठल्या गावाहून आला, कधी आला. आणि खाली एक मोकळी चौकट: तुमच्या घरी याला काय म्हणतात?