निमित्त आणि कारण

१५ जून २०२५ रोजी देहूरोडनजीक कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून ४ माणसे दगावली व ५० हून अधिक जखमी झाली. ‘गर्दीने पूल पाडला,’ असा निकाल सुशिक्षितांनीही लागलीच देऊन टाकिला. कावळा बसला नि फांदी मोडली, म्हणून कावळ्यास फाशी देण्यापैकीच हा न्याय होय! गर्दी नसती तर त्या रविवारचा अनर्थ टळला असता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जीर्ण पूल तसाच उभा राहून पुढल्या एखाद्या रविवारची वाट पाहात राहिला असता. जे दूर केले असता अनर्थ केवळ लांबतो ते निमित्त. जे दूर केले असता तो खुंटतो ते कारण.

पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता, असे सांगून कित्येकजण सारा दोष मृतांच्या माथी मारितात. आमच्या मते तो फलकच उलट साक्ष देतो. धोका ठाऊक होता, तर वाट बंद करून नवा पूल वेळीच का बांधला नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत चौकशी पुरी झाली, असे कोणीही म्हणू नये.