इंजिनाच्या अंगावरचे दागिने

बळकट कार्बन फायबर बनविण्याची रीत १९६३ साली इंग्लंडात फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेत सापडली. खर्च अर्थातच करदात्यांचा. पोलादाहून कितीतरी हलका हा पदार्थ विमानांना, कृत्रिम पायांना उपयोगी पडावा, हे रास्तच. परंतु फेरारीसारख्या मोटारींच्या इंजिनाभोवती त्याचीच आच्छादने निव्वळ मिरविण्यासाठी बसविली जातात. १९९९ च्या ‘३६० मोडेना’ला तर इंजिन दिसावे म्हणून काचेचे झाकण होते! विक्रेते वजन घटल्याचे सांगतात. पण पुष्कळदा मूळ प्लास्टिकवरच कार्बनचा पातळ थर चिकटविलेला असतो, म्हणजे वजन उलट वाढते. हजार अंशांहून अधिक तापवून केलेल्या धाग्याचा हा विनियोग! हाताने थर रचणारा, घासताना काळी धूळ छातीत घेणारा कामगार त्या काचेतून कुणालाही दिसत नाही.