सैनिकाचे निवृत्तिवेतन : दान नव्हे, देणे

बीड जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराचा ताल दोन गोष्टींवर ठरतो : पाऊस आणि ऊस. दसरा उलटला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयते व बिऱ्हाड गाडीवर टाकून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा गावांत महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम घरात येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे महानगरात बसून अंदाजपत्रके वाचणाऱ्यास सहजी उमगत नाही. ज्या मोजक्या घरांत ती येते, त्यांत एक घर शाळामास्तराचे असते, एक तलाठ्याचे वा ग्रामसेवकाचे आणि एक फौजेतून परतलेल्या शिपायाचे. या तिसऱ्या घराचे निवृत्तिवेतन हा आज देशाच्या तिजोरीपुढील चिंतेचा विषय झाला आहे.

ती चिंता आता सरकारी कागदपत्रांतही उमटली आहे. निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजूर केली. वित्तीय शिस्तीची गरज लक्षात घ्यावी, विकासकामांस पैसा उरेल असे पाहावे, तसेच कर्मचाऱ्यांची वर्गणी नसलेल्या निवृत्तिवेतन योजनांचा जो भार निधीच्या तरतुदीविना पडतो त्याचाही विचार करावा, असे आयोगास सांगण्यात आले. सैनिकांचे निवृत्तिवेतन अशाच योजनेत मोडते. तेव्हा काटकसरीची कात्री कोठे चालावी आणि कोठे चालू नये, याचा विचार अगोदरच झालेला बरा.

प्रथम काटकसरीची बाजू मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये ठेवण्यात आले. त्यांपैकी निवृत्तिवेतनासाठी १ लाख ६० हजार ७९५ कोटी, म्हणजे शंभरातले जवळजवळ चोवीस रुपये. आणि नवी विमाने, जहाजे, तोफा यांसाठीचा भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी. कालच्या सैनिकास द्यावयाची रक्कम आणि उद्याच्या सैनिकाच्या हाती द्यावयाचे शस्त्र यांवरील खर्च असे जवळजवळ तोलास तोल उभे आहेत. जुन्या बंदुकीनिशी सीमेवर उभे राहणाऱ्या जवानास भविष्यातील निवृत्तिवेतनाचे आश्वासन फारसे तारू शकणार नाही, हा युक्तिवाद झटकून टाकता येत नाही. मात्र निवृत्तिवेतनाच्या या आकड्यात एकट्या गणवेशधारी सैनिकांचाच हिशेब नाही; संरक्षण खात्यातील मुलकी कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतनही त्यातच मिळवलेले असते. एकत्रित रकमेकडे बोट दाखवून त्याचा दोष शिपायाच्या माथी मारणे हा हिशेबातील प्रामाणिकपणा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे व तो शिक्षक आणि कारकून यांच्याच मनात येण्याजोगा आहे. केंद्राच्या मुलकी सेवेत १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांचे जुने निवृत्तिवेतन गेले. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. बीड जिल्ह्यातील शाळा आणि कचेऱ्याही त्यापासून दूर राहिल्या नाहीत. मग सैन्यदलांना त्या बदलातून वगळले ते का? त्यांनाच हा वेगळा न्याय कशासाठी?

याचे उत्तर वयात आहे. राज्य शासनाचा शिक्षक वा लिपिक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. तोवर मुलांची शिक्षणे बहुधा आटोपलेली असतात, घराचे कर्ज फिटत आलेले असते. शिपाई मात्र पंधरा ते वीस वर्षांची सेवा करून पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. सैन्य तरुण राहावे म्हणून राष्ट्र त्यास लवकर मोकळे करते. ही सोय राष्ट्राची असते, त्याची नव्हे. ज्या वयात इतरांच्या पगाराची चढती कमान सुरू होते, त्या वयात त्याची थांबते. त्याचे निवृत्तिवेतन हे म्हातारपणाचा आधार तर आहेच. पण त्याहीपूर्वी ते राष्ट्राच्या गरजेपोटी तोडल्या गेलेल्या नोकरीची भरपाई आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत ते लांबणीवर टाकलेले वेतन होय. श्रम घेऊन झाले आहेत. मोबदल्याचा एक भाग तेवढा उरला आहे. श्रम पदरात पाडून घेतल्यावर मोबदल्याचा दर बदलू पाहणारा मालक कारखान्यात असो की सरकारात, त्याच्या वागण्यास काटकसर म्हणत नाहीत.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. प्रतापगडच्या १६५९ च्या युद्धानंतर शिवाजी महाराजांनी काय केले, याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. पडलेल्यांच्या मुलांची सोय लावली, ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांस निम्मे वेतन चालू केले आणि जखमींस जखम पाहून होन दिले. नव्याने उभ्या राहिलेल्या राज्याची तिजोरी त्या काळी तुडुंब भरलेली असण्याचा संभव नव्हता. तरीही हे देणे प्रथम चुकते झाले, कारण पुढच्या लढाईस माणूस येतो तो मागच्या लढाईतील माणसाच्या घराचे काय झाले हे पाहून.

स्वतंत्र भारतात या देण्याचा प्रवास मात्र सरळ झाला नाही. १९७१ च्या विजयास दोन वर्षे होतात न होतात, तोच १९७३ मध्ये तिसऱ्या वेतन आयोगानंतर जवानाच्या निवृत्तिवेतनाचे प्रमाण वेतनाच्या सत्तर टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर आले आणि मुलकी कर्मचाऱ्यांचे पन्नास टक्क्यांपर्यंत वाढले, ही माजी सैनिकांची जुनी तक्रार आहे. 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' या मागणीचे मूळ तेथे आहे. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये ही मागणी उचलून धरली. तिची घोषणा संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी ५ सप्टेंबर २०१५ रोजी केली. दर पाच वर्षांनी फेरआढावा घेण्याचे ठरले होते. परंतु २०१९ चा आढावा लांबला. अखेर १६ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने योजनेचे स्वरूप वैध ठरवताना, १ जुलै २०१९ पासूनची फेरनिश्चिती तीन महिन्यांत करण्याचा आदेश दिला. थकबाकीसाठी न्यायालयास पुढे तारखा बांधून द्याव्या लागल्या आणि शेवटच्या हप्त्याची मुदत २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत गेली. मान्य केलेले देणे वसूल करण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या माणसांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागणे, हीदेखील एक प्रकारची कपातच आहे. ती अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

खरी दक्षता घ्यावी लागते ती अशा न दिसणाऱ्या कपातींबाबत. उघड कपात सोसता येते. करोनाच्या संकटात एप्रिल २०२० मध्ये केंद्राने महागाई भत्ता गोठवला. जून २०२१ पर्यंतचे तीन हप्ते मिळाले नाहीत व त्यांची थकबाकीही नंतर दिली गेली नाही. गलवानच्या खोऱ्यात जून २०२० मध्ये २० सैनिकांनी प्राण दिले, तेव्हा हा निर्णय सैनिकांनाही लागू होता. परंतु तो सर्वांना सारखा होता, मुदतीचा होता आणि जाहीर होता. म्हणूनच तो निमूटपणे सोसला गेला.

आरोग्यसेवेत होते ते याच्या उलट. माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे. नावाप्रमाणेच ती फुकटची नाही. सैनिक तिच्यासाठी वर्गणी भरतो. संलग्न खासगी रुग्णालयांत बिनपैशाचे उपचार व्हावेत, ही तिची रचना. २०२३-२४ मध्ये तिची तरतूद सुधारित अंदाजात जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढवावी लागली. २०२४-२५ साठी ६,९६८ कोटी व २०२५-२६ साठी ८,३१७ कोटी रुपये ठेवण्यात आले. वाढ स्वागतार्ह आहे. पण मूळ अंदाज इतका तोकडा धरला गेला होता, याचीही ती कबुली आहे. तरतूद तोकडी असली की रुग्णालयांची देयके थकतात, आणि देयके थकली की रुग्णालये हात आखडता घेतात. योजना कागदावर पूर्ण असते, खाट मात्र मिळत नाही.

बीड जिल्ह्यात लष्करी छावणी नाही की लष्करी रुग्णालय नाही. जवळच्या छावण्या अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर येथे. अंबाजोगाई-परळीकडील माणसास छत्रपती संभाजीनगर दोनशे किलोमीटरांहून अधिक पडते. हृदयविकाराचा झटका आलेला माजी हवालदार एवढे अंतर तोडून जाऊ शकत नाही. तो जवळच्या रुग्णालयात जातो आणि पैसे मोजतो. छावणीलगतच्या शहरात जी अडचण त्रासापुरती राहते, ती येथे कर्जाचे रूप घेते.

निवृत्तिवेतन हाती पडण्याची गोष्टही तशीच. 'स्पर्श' ही संगणकीय व्यवस्था आल्यावर, वार्षिक ओळख पटलेली नाही या कारणाने एप्रिल २०२२ चे निवृत्तिवेतन ५८,२७५ जणांच्या खात्यांत जमा झाले नव्हते. सरकारने मे महिन्यात सवलत देऊन ते मोकळे केले, हे खरे. परंतु पुण्यातील निवृत्त अधिकाऱ्यास महिनाभराचा विलंब आणि पाटोदा तालुक्यातील शिपायाच्या विधवेस महिनाभराचा विलंब, या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत. हयातीचा दाखला देण्यासाठी तिला तालुक्याच्या गावी यावे लागते. तो दिवस रोजगाराचा जातो आणि झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र कित्येकदा ओळखत नाही.

आता राहिला अग्निपथाचा प्रश्न. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांची सेवा आहे. पंचवीस टक्क्यांपर्यंतच तरुण पुढे कायम होतात. उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळतो. त्यातला एक वाटा त्यांच्याच वेतनातून कापलेला असतो. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नाही. सात टक्के व्याज धरले, तर या रकमेवर महिन्यास ६,८०० रुपयांच्या आसपास पडतात. सतरा वर्षे सेवा केलेल्या शिपायाचे निवृत्तिवेतन १ जुलै २०१९ पासूनच्या फेरनिश्चितीत १९,७२६ रुपये ठरले होते, आणि त्यावर महागाई भत्ता निराळा. चार वर्षे आणि सतरा वर्षे यांची तुलना सरळ नाही, हे मान्य. तरुणास तरुणपणी हाती भांडवल मिळते, हाही या योजनेचा गुण म्हणता येईल. आणि एका अर्थी ही काटकसर प्रामाणिकही आहे : जुन्यांचे वचन न मोडता, नव्यांना अगोदर अटी सांगून ती केली गेली. ज्यास त्या मान्य नसतील त्याने जाऊ नये.

परंतु बीडसारख्या जिल्ह्यात 'जाऊ नये' हा पर्याय कितपत खरा आहे? पहाटे डांबरी रस्त्यावर धावण्याचा सराव करणाऱ्या पोरांपुढे दुसरी वाट कोयत्याची असते. दुसरे असे, की मृत्यू आणि अपंगत्व यांना चार वर्षांचा करार कळत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीरास ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर मरण आले. अशा प्रसंगी ४८ लाखांचा विमा व ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान मिळते. रक्कम लहान नाही. पण शेजारच्या चौकीवर त्याच थंडीत मरण पावणाऱ्या नियमित जवानाच्या कुटुंबास जन्मभराचे निवृत्तिवेतन मिळते, ते या कुटुंबास नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही २०२४ मध्ये हा भेद दूर करावा असे सुचवले. गरज सरो वैद्य मरो, हा न्याय निदान हुतात्म्यांच्या घरी लागू होऊ नये.

मग काटकसर करावी तरी कोठे? तीन मर्यादा आखता येतील. ज्यांची सेवा घेऊन झाली आहे, त्यांच्या वेतनाशी निगडित निवृत्तिवेतनास हात लावू नये. बदल करावयाचा तर तो नव्यांपुरता आणि अटी आधी सांगून. आरोग्य योजनेची तरतूद मागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चावर बेतावी, जेणेकरून देयके थकवून कपात साधण्याचा मार्गच बंद होईल. आणि सैनिकांचे निवृत्तिवेतन व मुलकी कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन ही दोन्ही अंदाजपत्रकाच्या चर्चेत वेगवेगळी मांडली जावीत, म्हणजे वाद आकड्यांवर होईल, समजुतींवर नव्हे. यातील एकही गोष्ट तिजोरी रिती करणारी नाही.

शिक्षक, लिपिक आणि सैनिक हे या वादात एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. तिघांनीही उमेदीची वर्षे सरकारला दिली आहेत, ती एका लेखी शब्दावर विसंबून. त्या शब्दाची किंमत एकाच्या बाबतीत उतरली की ती तिघांच्या बाबतीत उतरते. पहाटेच्या अंधारात धावणारा बीडचा पोरगा अंदाजपत्रक वाचत नाही. तो गल्लीतल्या फौज्याचे घर पाहतो, तेथे औषध वेळेवर येते की नाही हे पाहतो, आणि त्यावरून ठरवतो की या शब्दावर आपले आयुष्य लावावे की नाही.